हाडाला जमीन लागते

१७३६ सालची गोष्ट. जॉन बेल्चर नावाचा लंडनचा एक शस्त्रवैद्य एका कापड छापणाऱ्याच्या घरी जेवायला गेला होता. ताटात डुकराचं मांस होतं. मांस नेहमीसारखंच, पण त्यातलं हाड लाल निघालं. वरून रक्त माखल्यासारखं लाल नव्हे, आतून रंगलेलं. बेल्चरने चौकशी केली. यजमान सुती कापडावर मॅडरच्या मुळीचा लाल रंग चढवत असे. छापून झालेल्या कापडावरचा जादा रंग काढायला ते कोंड्याच्या पाण्यात उकळत, आणि तो रंगलेला कोंडा मग डुकरांपुढे टाकत. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेचं युरोपातलं भावंड. बेल्चरने पुढे कोंबड्यांना मुद्दाम मॅडर चारून पाहिलं. तीच तऱ्हा, बाकी अंगाला काही नाही आणि हाडं लाल. त्याने हे रॉयल सोसायटीला कळवलं. थोड्याच वर्षांत फ्रान्सच्या दुहामेल द मॉन्सोने प्राण्यांना काही दिवस मॅडर द्यायचं आणि काही दिवस थांबवायचं असा क्रम लावला. हाड कापलं तर आत लाल-पांढऱ्या कड्या दिसल्या, झाडाच्या बुंध्यात दिसतात तशा. हाड ही मेलेली, दगडासारखी वस्तू नाही, ते रोज घडतं, हे माणसाला डोळ्यांनी दिसलं ते त्या कड्यांमधून.

मॅडरमधलं जे द्रव्य कॅल्शियमला धरून बसतं त्याचं नाव अलिझारिन. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि मॅडरची शेती बसली. रंग मात्र टिकला. आज जगात कुठेही मूलपेशींपासून हाड तयार करायचा प्रयोग झाला, की शेवटी बशीत अलिझारिनचे थेंब सोडतात. पेशींनी खरोखर हाडाचा खनिज थर घातला असेल तर बशी लाल होते, नाहीतर रंग धुऊन जातो. पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी हाडाची साक्ष काढायची पद्धत ही अशी रंगाऱ्याचीच आहे.

बंगळुरूच्या पूर्वेला व्हाइटफील्डमध्ये ही साक्ष रोजच्या कामाचा भाग आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार दहावे यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन संघटनेला सुमारे ३९०० एकर जमीन दिली. संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट, त्यांच्या नावावरून ही वसाहत व्हाइटफील्ड झाली. शेती करून स्वतःच्या पायावर उभं राहायचं अशी त्या माणसांची उमेद होती. शंभर वर्षं ते एक झोपाळू खेडंच राहिलं. मग नव्वदच्या दशकात सिंगापूरच्या भागीदारीतला आयटी पार्क आला, शेजारी निर्यातीसाठीची ईपीआयपी नावाची औद्योगिक वसाहत आली, २००० मध्ये जनरल इलेक्ट्रिकचं संशोधन केंद्र, आणि २००१ च्या जानेवारीत सत्यसाईबाबांचं मोफत शस्त्रक्रिया करणारं मोठं रुग्णालय. आज मेट्रो थेट काडुगोडीपर्यंत जाते. याच ईपीआयपीत स्टेम्प्युटिक्स रिसर्च या कंपनीचं ठाणं आहे. मणिपाल समूहाने २००६ मध्ये ती सुरू केली, आरंभीचा पत्ता विमानतळ रस्त्यावरच्या मणिपाल हॉस्पिटलचा होता.

२००६ हे वर्ष या गोष्टीत आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. तोवर अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशींना कोण कशाला मूलपेशी म्हणेल याचा नेम नव्हता. त्या वर्षी पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एक किमान कसोटी ठरवून दिली. पेशी प्लास्टिकच्या तळाला चिकटली पाहिजे. तिच्या अंगावर ठरावीक खुणा असल्या पाहिजेत आणि ठरावीक खुणा नसल्या पाहिजेत. आणि तिसरं, तिने बशीत हाड, चरबी आणि कूर्चा या तिन्हींच्या पेशी बनून दाखवलं पाहिजे. म्हणजे व्हाइटफील्डमध्ये एखादी कुपी ‘मूलपेशी’ म्हणून पुढे जायची तर आधी त्याच जातीच्या पेशींनी हाड घडवून दाखवावं लागतं. त्या कुपीतल्या पेशी पुढे पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी वापरल्या जावोत की गुडघ्यासाठी, ओळख पटते ती हाडावरून.

हाडच का, याचं उत्तर मॉस्कोत आहे. गामालेया संस्थेतले अलेक्झांडर फ्रीडेन्श्टाइन साठच्या दशकात एक साधा प्रश्न घेऊन बसले होते. मज्जा रक्त बनवते हे माहीत होतं. पण मज्जेचा तुकडा शरीरात दुसरीकडे रुजवला तर तिथे हाड तयार होतं, ते कोण तयार करतं? रक्त बनवणाऱ्या पेशी तर नव्हेत. त्यांनी गिनीपिगच्या मज्जेतल्या पेशी बशीत पसरल्या, न चिकटलेल्या धुऊन टाकल्या, आणि उरलेल्यांकडे पाहत बसले. एकेका पेशीभोवती तिची वसाहत उगवली. लांबट, कातण्याच्या चातीसारख्या पेशींची. १९७० च्या शोधनिबंधात त्यांनी या वसाहतींचं वर्णन केलं. अशा पेशी मज्जेत फारच थोड्या असतात, लाखभर पेशींत मोजक्या. पण त्या बशीत वाढवता येतात, आणि पुन्हा शरीरात ठेवल्या की हाड घडवतात. सोव्हिएत रशियातलं हे काम पश्चिमेकडे सावकाश पोहोचलं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या आर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना मेसेनकायमल मूलपेशी हे नाव दिलं आणि नावाबरोबर बाजारही आला. पुढे कॅप्लन यांनी स्वतःच हे नाव बदला म्हणून लेख लिहिले, कारण ‘मूलपेशी’ या शब्दावर लोक नको ते विकत होते. तोवर उशीर झाला होता.

अमेरिकेत साठच्या दशकातच दुसरी वाट चालली होती, आणि या वाटेवर आपली माणसं आहेत. लॉस एंजेलिसचे हाडांचे सर्जन मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की हाडाचा तुकडा आम्लात ठेवून त्यातलं सगळं खनिज काढून टाकलं आणि उरलेला लवचीक सांगाडा सशाच्या स्नायूत पुरला, तर स्नायूच्या मधोमध नवं हाड उगवतं. पेशी सशाच्या, जागा स्नायूची, आणि उगवतं हाड. त्या मेलेल्या तुकड्यात काहीतरी होतं जे शेजारच्या पेशींना सांगत होतं, हाड व्हा. दिल्ली विद्यापीठातून पीएचडी करून शिकागोला गेलेले ए. हरी रेड्डी यांनी नोबेलविजेते चार्ल्स हगिन्स यांच्याबरोबर याचं दिवसांचं वेळापत्रक मांडलं. उंदराच्या कातडीखाली खनिज काढलेल्या हाडाची पूड ठेवली, की पहिल्या आठवड्यात कूर्चा, दहाव्या-अकराव्या दिवसाच्या सुमारास हाड, आणि तिसऱ्या आठवड्याअखेर त्या इवल्याशा हाडाच्या पोटात मज्जा. गर्भात जे होतं त्याची उजळणी कातडीखाली.

पण मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रयोग वाटतो तो १९८१ चा. कुबेर संपत आणि हरी रेड्डी यांनी ती पूड दोन भागांत तोडली. एक, विरघळणारा भाग. त्यात तो निरोप देणारा पदार्थ होता. दुसरा, न विरघळणारा कोलॅजनचा चोथा. नुसता निरोप कातडीखाली टोचला, काही झालं नाही. नुसता चोथा ठेवला, तरीही काही नाही. दोन्ही पुन्हा एकत्र केले आणि ठेवले, तर हाड उगवलं. आजच्या सगळ्या हाड-अभियांत्रिकीचा गाभा या एका प्रयोगात आहे. बी चांगलं असून भागत नाही, पाऊस चांगला असून भागत नाही, जमीन लागते. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही. शास्त्राला ते पुन्हा शोधून काढावं लागलं आणि ते दोन भारतीयांनी शोधलं, याची आपल्याकडे जितकी आठवण राहायला हवी तितकी राहिलेली नाही.

ही जमीन म्हणजे इंग्रजीत स्कॅफोल्ड. इमारतीला परांची बांधतात तशी पेशींना चढून बसायला बांधलेली चौकट. फरक एवढाच, की गवंडी काम झाल्यावर परांची सोडवतो, आणि पेशींची परांची आपोआप विरघळून तिच्या जागी हाड आलं पाहिजे. फार लवकर विरघळली तर पोकळी राहते, विरघळलीच नाही तर नवं हाड अडतं. सुरुवातीच्या परांच्या सिरॅमिकच्या होत्या, हाडातल्याच खनिजाच्या, सच्छिद्र. २००१ मध्ये इटलीच्या गटाने तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हातापायाच्या लांब हाडात चार ते सात सेंटिमीटरची पोकळी राहिलेली, नेहमीच्या शस्त्रक्रिया फसलेल्या. त्यांच्याच मज्जेतल्या पेशी वाढवून, पोकळीच्या मापाने घडवलेल्या सच्छिद्र सिरॅमिकवर बसवून रोवल्या आणि हाडं सांधली. २००४ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात त्याहून धाडसाचं काम झालं. कर्करोगात खालचा जबडा गेलेला एक माणूस नऊ वर्षं नीट चावून जेवला नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या जबड्याच्या मापाची टायटॅनियमची जाळी केली, तीत हाडाच्या खनिजाचे ठोकळे, त्याचीच मज्जा आणि रेड्डी-युरिस्टांच्या वाटेवर सापडलेलं ते निरोप देणारं प्रथिन भरलं, आणि ती जाळी त्याच्याच पाठीच्या स्नायूत सात आठवडे पुरून ठेवली. तिथे रक्तपुरवठा मिळून हाड धरल्यावर ती काढून तोंडात बसवली. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी तो माणूस पाव आणि सॉसेज चावून जेवला. एका माणसाची शेती त्याच्याच पाठीवर केली, असंच म्हणायला हवं.

सिरॅमिक कडक असतं, आणि वेडीवाकडी पोकळी भरायला ते घडवावं लागतं. जेल ओतता येतं, सुईतून सोडता येतं, पेशी आतमध्येच कालवून टाकता येतात. म्हणून पाण्याने भरलेल्या जेलकडे लोक वळले. चायना ग्रास गरम पाण्यात विरघळवून गार केलं की थरथरणारी वडी होते, ती म्हणजे घरातलं जेलच. त्या वडीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि तरी ती उभी राहते. पेशींना जेल पसंत पडतं, कारण शरीरातही त्या अशाच ओलसर, धाग्यांच्या जाळ्यात राहतात. शरीर स्वतः हाड सांधताना आधी जेलच ओततं. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं, त्यातल्या फायब्रिनच्या धाग्यांची गाठ बनते. पेशी त्या गाठीत शिरतात, मग मऊ कूर्चेचा घट्टा बनतो, मग कडक हाडाचा. सुश्रुताने भग्नाचे प्रकार वेगळे करून झाडांच्या सालींच्या पट्ट्यांनी अंग स्थिर बांधायला सांगितलं. त्याला फायब्रिन माहीत नव्हतं, पण ती गाठ हलता कामा नये हे त्याने पुरेपूर ओळखलं होतं.

मग २००६ मध्ये जेलने एक नवीनच गुपित उघडं केलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेनिस डिशर यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅडम एंगलर, शमिक सेन आणि सहकाऱ्यांनी एकाच रसायनाच्या जेलचे थर तयार केले, रसायन तेच, फक्त मऊपणा वेगवेगळा. एक थर मेंदूइतका मऊ, दुसरा स्नायूइतका लवचीक, तिसरा त्याहून घट्ट, हाड बनण्याआधी जी कच्ची, कोलॅजनची चौकट असते तिच्या तोडीचा. या तिसऱ्याचा घट्टपणा २५ ते ४० किलोपास्कल. माणसाच्या मज्जेतल्या त्याच मूलपेशी तिन्हींवर सोडल्या. मेंदूसारख्या मऊ थरावर त्यांनी चेतापेशींसारखे धागे फोडले, मधल्यावर त्या स्नायूंच्या वाटेला लागल्या, आणि घट्ट थरावर हाडाच्या. जमिनीच्या कसावरूनच पेशींनी आपला धंदा ठरवला. पेशी आपल्या तळाला पायांनी ओढते, तळ किती ओढ देतो हे चाचपते, आणि त्यावरून ठरवते, असं त्यांनी दाखवलं. ‘सेल’ या नियतकालिकात आलेला हा निबंध या क्षेत्रातल्या सर्वाधिक उल्लेख होणाऱ्या निबंधांपैकी एक आहे. त्यातले शमिक सेन पुढे आपल्या पवईच्या आयआयटीत आले. पेशी ओढतात कशा, ढकलतात कशा यावर त्यांची प्रयोगशाळा अजून काम करते आहे, पवई तलावाच्या काठावर.

व्हाइटफील्डहून शहर ओलांडून भारतीय विज्ञान संस्थेत गेलं, की मटेरियल्स विभागात कौशिक चॅटर्जी भेटतात. २०११ पासून ते तिथे आहेत. त्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत असताना त्यांनी एक फार सुंदर युक्ती केली होती. वेगवेगळे जेल करून प्रत्येकाचा वेगळा प्रयोग करण्याऐवजी त्यांनी एकच लांब पट्टी केली. एका टोकाला मऊ, दुसऱ्या टोकाला घट्ट, मधे सावकाश चढ. हाड घडवणाऱ्या पेशी या जेलच्या आत, सर्व बाजूंनी वेढलेल्या, सगळीकडे सारख्याच कालवल्या. काही आठवड्यांनी पाहिलं तर घट्ट टोकाकडे खनिज जमलेलं, मऊ टोकाकडे नाही. कुठलंही औषध न घालता, केवळ जेलच्या घट्टपणावर. एकाच पट्टीत डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की उत्तर दिसतं, दुहामेलच्या कड्या दिसायच्या तसं. पुढच्या दहा वर्षांत आणखी एक बाब कळली. जेल नुसतं घट्ट असून पुरत नाही, पेशीने ओढल्यावर ते हळूहळू सैलही पडलं पाहिजे, म्हणजे पेशीला आतमध्ये हातपाय पसरता येतात. भुसभुशीत जमीन लागते, फक्त कसदार नव्हे.

हे सगळं प्रयोगशाळेतलं. रुग्णाच्या अंगापर्यंत ते न्यायचं तर वेगळी तपश्चर्या लागते, आणि व्हाइटफील्डचा खरा वाटा तिथे आहे. भारत या विषयात अचानक जगाच्या नकाशावर आला तो २००१ च्या ऑगस्टमध्ये. अध्यक्ष बुश यांनी भ्रूणमूलपेशींच्या मोजक्याच वाणांना सरकारी पैसा देऊ असं जाहीर केलं आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जगभरच्या ६४ वाणांची यादी काढली. तीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बंगळुरूच्या एनसीबीएसचे तीन होते. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. त्या मथळ्यांतून औषध असं काही निघालं नाही. पुढे बंगळुरूच्याच जवाहरलाल नेहरू केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने भ्रूणमूलपेशींचे दोन भारतीय वाण तयार केले आणि ब्रिटनच्या मूलपेशी-पेढीत जमा केले. शांतपणे झालेलं, टिकणारं काम. त्यातून हाड किंवा औषध निघावं असा मात्र त्याचा हेतू नव्हता.

स्टेम्प्युटिक्सने भ्रूणाचा रस्ता सोडून मज्जेचा धरला. २००९ मध्ये राजर्षी पाल, सतीश तोटे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, मज्जेतल्या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवायच्या तर त्यांना कोणत्या द्रावणात ठेवावं याबद्दल. विषय रुक्ष वाटेल. पण एका रुग्णापुरत्या पेशी वाढवणं आणि हजार रुग्णांपुरत्या, प्रत्येक खेप आधीच्या खेपेसारखीच, अशा वाढवणं यात घरचा स्वयंपाक आणि पंगत एवढा फरक आहे. निरोगी दात्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढायची. बाटलीत चिकटतील त्या पेशी ठेवायच्या, बाकी धुवायच्या. बाटली भरली की त्या सोडवून जास्त बाटल्यांत वाटायच्या. एकाहून अधिक दात्यांच्या पेशी एकत्र करून पेढी बांधायची, म्हणजे एखाद्याच्या पेशींतला कमकुवतपणा सगळ्या खेपेला बाधत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या. रुग्णाजवळ पिशवी आणली की सदतीस अंशांच्या पाण्यात वितळवायची आणि तासांच्या आत द्यायची. प्रत्येक टप्प्यावर जंतू नाहीत ना, गुणसूत्रं शाबूत आहेत ना, आणि शेवटी ती तीन परीक्षांची कसोटी. हाड करून दाखव.

२००९ मध्येच सिप्लाने या कंपनीत पैसा घातला. पहिलं लक्ष्य ठरलं बर्जर रोग, तंबाखू ओढणाऱ्या तरुण माणसांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, बोटं काळी पडतात, पाय कापावा लागतो. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या मजुरांत तो दिसतो. नव्वद रुग्णांवर चाचणी झाली, पेशी पिंढरीच्या स्नायूत टोचल्या. मे २०१६ मध्ये औषध महानियंत्रकांनी या पेशींच्या औषधाला, स्टेम्प्युसेलला, मर्यादित परवानगी दिली, नंतरच्या रुग्णांची पाहणी सादर करायच्या अटीवर. २०२० मध्ये पूर्ण परवानगी आली. त्यानंतर गुडघा. आधी साठ रुग्णांवर चार वेगवेगळ्या मात्रा करून पाहिल्या, अडीच कोटी पेशींपासून पंधरा कोटींपर्यंत. सर्वांत कमी मात्रा सर्वांत चांगली ठरली. म्हणून पुढची १४६ रुग्णांची चाचणी अडीच कोटींवर, आणि पेशी सांध्यात सोडल्यावर मागोमाग हायल्युरॉनिक आम्लाचं जेल. तुलनेच्या गटाला पेशींविना तेच जेल. बारा महिन्यांनी पेशी मिळालेल्यांची वेदना आणि हालचाल जास्त सुधारलेली होती. गुडघ्यात नवी कूर्चा उगवली असा दावा शास्त्रज्ञांनी केला नाही. जेवढं सापडलं तेवढंच लिहिलं. माझ्या लेखी या कामाची सर्वांत मोठी श्रीमंती हीच आहे.

जेलमधून प्रत्यक्ष हाड उगवायचं काम आपल्याकडे ज्यांनी बाजारापर्यंत नेलं ते मात्र व्हाइटफील्डचे नव्हेत, लोणावळ्याचे. मुंबईच्या रिजनरेटिव्ह मेडिकल सर्व्हिसेस, पुढे रीग्रो बायोसायन्सेस, या कंपनीने कोरियाच्या सेवॉन सेलॉनटेकचं तंत्र घेऊन लोणावळ्यात प्रयोगशाळा उभारली. २०१७ मध्ये त्यांच्या ऑसग्रोला औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. हा उपचार अव्हॅस्क्युलर नेक्रोसिसवर, म्हणजे मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा रक्ताविना मरतो त्यावर. स्टिरॉइड, दारू, आणि सिकलसेल ही त्याची मोठी कारणं. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर भागांतले आदिवासी तरुण सिकलसेलमुळे खुबा धरून लंगडतात, ते याच रोगाने. उपचाराची रीत अशी. रुग्णाच्याच कमरेतून मज्जा काढायची, लोणावळ्याला पाठवायची. तिथे काही आठवडे त्या पेशी वाढवून हाड घडवणाऱ्या पेशींकडे वळवायच्या. मग शस्त्रक्रियेत गोळ्यातल्या मेलेल्या भागापर्यंत भोक पाडायचं, मेलेलं हाड खरवडायचं, आणि पेशी फायब्रिनच्या जेलमध्ये कालवून त्या पोकळीत भरायच्या. जेल तिथे धरतं, पेशी वाहून जात नाहीत. मोडलेल्या हाडाशी साकळलेल्या रक्ताची जी गाठ शरीर स्वतः करतं, तीच इथे डॉक्टर हाताने करतात.

करोनाने या रोगाला पुन्हा प्रकाशात आणलं. २०२१ च्या जुलैत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संजय अग्रवाला आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात दिली. तिघांनाही करोनात स्टिरॉइड मिळालं होतं, आणि खुब्याचं दुखणं सरासरी ५८ दिवसांत सुरू झालं. एरवी स्टिरॉइडमुळे होणारा हा रोग दिसायला सहा महिने ते वर्षही लागतं. महाराष्ट्रभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे तिशी-चाळिशीतली माणसं मांडीसांध्याच्या दुखण्याने येऊ लागली होती. त्यांना खुबा बदलायचा म्हणजे पुढे आयुष्यात तो आणखी एकदा बदलायची वेळ येण्याचा संभव. म्हणून गोळा कोसळायच्या आधी वाचवणं याला एवढं मोल. आणि गोळा एकदा कोसळला की या पेशींचा उपयोग उरत नाही, हेही तितकंच खरं.

मोठं हाड, मांडीचं अख्खं, जेलमध्ये उगवून बसवता येईल का? अजून नाही. अडचण पेशींची नाही, जेलचीही नाही, रक्ताची आहे. जिवंत पेशीला केशवाहिनी दोनेकशे मायक्रॉनच्या आत लागते, कागदाच्या दोन पानांएवढ्या अंतरावर. जेलचा ठोकळा मोठा झाला की आतल्या पेशी उपाशी मरतात. कीलच्या डॉक्टरांनी जबडा पाठीत पुरला तो त्यासाठीच. जेलमध्येच रक्तवाहिन्यांच्या वाटा छापायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. फ्रीडेन्श्टाइन, युरिस्ट, रेड्डी, संपत यांच्या कामाला चाळीस ते साठ वर्षं होऊन आज आपण खुब्याच्या गोळ्यातली छोटी पोकळी भरण्यापर्यंत आलो आहोत. याला मी थोडकं म्हणणार नाही.

थोडकं म्हणावंसं वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. स्वतःच्या मज्जेतून काढलेल्या ‘मूलपेशी’ त्याच दिवशी टोचून गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळं बरं करतो असं सांगणारी दुकानं पुण्या-मुंबईपासून बंगळुरूपर्यंत चालू आहेत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये मार्गदर्शिका काढली तेव्हा तिच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढला, कारण दुकानदार त्याचाच आधार घेत होते. २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, की रक्ताच्या विकारांतलं मज्जारोपण सोडलं तर बाकी मूलपेशी-प्रयोग मान्य चाचणीबाहेर करू नयेत. २०१९ च्या औषध नियमांनी मूलपेशींपासून केलेलं उत्पादन हे नवं औषधच मानलं, म्हणजे चाचणीशिवाय परवानगी नाही. कायदा आहे, तो पाळून घेणारे हात कमी आहेत. घरात मूल बोलत नाही किंवा बापाचा खुबा गेलाय, तेव्हा माणूस शेत विकून पैसे मोजतो. अशा घरांशी खोटं बोलणाऱ्यांनी त्या लाल बशीचाही अपमान केला आहे. हाड करून दाखव, ही कसोटी त्यांना कुणी लावत नाही.

ती आपण लावू शकतो. तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला कुणी मूलपेशींचा उपचार सुचवला, तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा. हे औषध महानियंत्रकांनी मंजूर केलेलं उत्पादन आहे का, आणि नसेल तर ही चाचणी सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत कोणत्या क्रमांकाने नोंदलेली आहे. भारतात २००९ च्या जूनपासून औषधाची चाचणी नोंदल्याशिवाय करता येत नाही, आणि तो क्रमांक कुणालाही इंटरनेटवर फुकट पडताळता येतो. चाचणी खरी असेल तर औषधाचे पैसे तुमच्याकडे मागणार नाहीत. क्रमांक मागितल्यावर समोरचा माणूस चिडला किंवा विषय बदलला, तर तिथून उठा आणि घरी या.